परळीच्या थर्मलमधील नोंदी: लॉगशीट ते स्प्रेडशीट

बीड जिल्ह्यातील परळी वैजनाथ हे गाव ज्योतिर्लिंगाचे क्षेत्र म्हणून महाराष्ट्रभर ओळखले जात असले, तरी १९७१ पासून त्याची दुसरी ओळख तेथील औष्णिक विद्युत केंद्राची, म्हणजे लोकांच्या तोंडी रुळलेल्या ‘थर्मल’ची आहे. परळीला रेल्वे निजामाच्या अमलातच आलेली असल्यामुळे दगडी कोळसा तेथवर आणणे शक्य होते, आणि महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने आधी ३० मेगावॉटचे दोन लहान संच चालवून पुढे १९८०, १९८५ व १९८७ मध्ये प्रत्येकी २१० मेगावॉटचे तीन संच उभारले. या केंद्राविषयी लिहिताना कोळसा, पाणी, राख आणि राजकारण यांचा ऊहापोह होतो; तेथे तासातासाला कागदावर उतरत गेलेल्या आकड्यांकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक संच चालवणे या कामाचा निम्मा भाग मोजमापे पाहणे आणि ती लिहून ठेवणे हाच असतो.

मंडळाच्या काळातील औष्णिक केंद्रांत ही नोंद ‘लॉगशीट’वर होत असे. लॉगशीट म्हणजे छापील रकान्यांचा मोठा कागद, ज्यात एका बाजूस दिवसाचे तास आणि दुसऱ्या बाजूस वाफेचा दाब, वाफेचे तापमान, बॉयलरच्या ड्रममधील पाण्याची पातळी, कंडेन्सरमधील निर्वात, जनित्राचा भार, व्होल्टेज, वारंवारता अशी मापे असत. पाळीवरचा ऑपरेटर पॅनेलवरील मीटरांसमोरून फिरत रीडिंग घेई, पाळी संपताना सही करी आणि पुढच्या पाळीचा माणूस आधीच्या आठ तासांवर नजर टाकूनच कामाला लागे. सर्व रकाने तासातासाला न भरता पाळीच्या अखेरीस एकदमच भरण्याचा मोह कोणत्याही कारखान्याला अपरिचित नाही. एकसारख्या अक्षरात, एकाच शाईत उतरलेली आणि कुठेही खाडाखोड नसलेली लॉगशीट अनुभवी अभियंत्याला म्हणूनच संशयास्पद वाटे.

मीटरच्या काट्यापर्यंत हे माप पोहोचते ते संवेदकामुळे, म्हणजे उष्णता, दाब किंवा प्रवाह यांतील बदलाचे विजेच्या बदलात रूपांतर करणाऱ्या उपकरणामुळे. दोन भिन्न धातूंच्या तारा टोकाशी जोडून तो जोड तापवला असता सूक्ष्म व्होल्टेज निर्माण होते, या परिणामाचा शोध झेबेक या शास्त्रज्ञाने १८२१ मध्ये लावला आणि थर्मोकपल त्याच तत्त्वावर चालते. बॉयलरमध्ये नेहमी वापरल्या जाणाऱ्या क्रोमेल व अॅल्युमेल यांच्या जोडातून अंशामागे सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट एवढेच मिळत असल्यामुळे हा क्षीण संकेत ट्रान्समीटरमधून ४ ते २० मिलिअँपिअरच्या प्रवाहात बदलून नियंत्रण कक्षाकडे पाठवला जातो. मोजपट्टी शून्य ते ६०० अंशांची असेल, तर ५४० अंश तापमानाला तारेतून १८.४ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो आणि शून्य अंशाला ४ मिलिअँपिअर. आरंभ शून्याऐवजी चारापासून करण्यात मोठे शहाणपण आहे. कारण प्रवाहच शून्य झाला, तर यंत्र गार पडलेले नसून तार तुटली आहे किंवा ट्रान्समीटरचा पुरवठा गेला आहे, हे तत्काळ कळते. खोटे माप आणि नसलेले माप यांतील असा भेद कागदी रकान्यात आपोआप उमटत नाही, तो ऑपरेटरला शेऱ्यात लिहावा लागतो.

लॉगशीटच्या जोडीला पॅनेलवर चार्ट रेकॉर्डर असत, ज्यांत हळूहळू सरकणाऱ्या कागदाच्या पट्टीवर शाईचा पेन अखंड रेषा काढी. संच ट्रिप झाला, म्हणजे संरक्षक यंत्रणेने तो अचानक बंद केला, की चौकशीत आधी ही पट्टी फाडून पाहिली जाई. कारण तासाच्या दोन रीडिंगांच्या मधल्या काही सेकंदांत काय घडले, ते लॉगशीट सांगू शकत नसे.

संगणकाने या दोन्ही साधनांचे काम एकत्र केले. ब्रिकलिन आणि फ्रँकस्टन यांचा व्हिजिकॅल्क हा स्प्रेडशीट कार्यक्रम १९७९ मध्ये, लोटस १-२-३ हा १९८३ मध्ये आणि एक्सेल १९८५ मध्ये बाजारात आला, म्हणजे परळीचे २१० मेगावॉटचे संच उभे राहत होते त्याच वर्षांत. परंतु जन्मकाळ जुळला म्हणून वापर लगेच सुरू होत नाही, आणि अशा केंद्रांत स्प्रेडशीटचा पहिला उपयोग लॉगशीटवरचे आकडे पुन्हा टंकून दैनिक अहवाल काढण्यापुरताच होता. २००७, २०१० व २०१६ मध्ये सुरू झालेले परळीचे २५० मेगावॉटचे संच ज्या पिढीचे आहेत, त्या पिढीत संगणकीय वितरित नियंत्रण प्रणाली हा संचाचा मूळ भागच असतो. ती हजारो संकेत स्वतः टिपते आणि हवे ते स्तंभ स्प्रेडशीटमध्ये काढून देते. मात्र स्प्रेडशीटलाही मर्यादा होती. एक्सेलच्या १९९७ ते २००३ या काळातील आवृत्त्यांत एका पानावर ६५,५३६ ओळीच मावत, म्हणजे दर सेकंदाला एक नोंद घेतली तर जेमतेम सव्वाअठरा तासांत पान संपे. २००७ च्या आवृत्तीत ओळी १०,४८,५७६ झाल्या, तरी त्याही बारा दिवसांच्या थोड्या पलीकडेच पुरतात. त्यामुळे नोंदी साठवणाऱ्या प्रणालीत ठरावीक मर्यादेपेक्षा माप बदलले तरच नवी नोंद घेण्याची युक्ती वापरली जाते, आणि जे बदलले नाही ते लिहिलेच जात नाही.

नोंदीचा हेतूही याच काळात पालटला. पश्चिम विभागात १ जुलै २००२ पासून उपलब्धतेवर आधारित दरपद्धती लागू झाली आणि विजेचा हिशेब दिवसाच्या पंधरा-पंधरा मिनिटांच्या ९६ खंडांत होऊ लागला. ठरवून दिलेली वीज आणि प्रत्यक्ष दिलेली वीज यांतील फरकाचे मोल त्या त्या वेळच्या वारंवारतेवर अवलंबून राहू लागले. यंत्राच्या प्रकृतीसाठी लिहिला जाणारा आकडा अशा रीतीने पैशाचा पुरावा झाला, आणि पुरावा झाल्यावर त्यातला वेळेचा स्तंभ मापाच्या स्तंभाइतकाच महत्त्वाचा ठरला.

परळीच्या बाबतीत या नोंदींना आणखी एक मोल आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये पाणी नसल्यामुळे हे केंद्र पूर्ण बंद करावे लागले आणि २०१५ च्या जुलैत पुन्हा तीच वेळ आली. वाफेचे पाणी, थंड करण्याचे पाणी, कोळशाची प्रत आणि भार यांची पन्नास वर्षांची मापे एकत्र लावता आली, तर मराठवाड्यातील अवर्षणाचा आणि वीजटंचाईचा असा इतिहास हाती येईल, जो महसुली आणेवारीत किंवा वृत्तपत्रांच्या फायलींत सापडणार नाही. जुने पाच संच आता निवृत्त झाले असून केंद्राची क्षमता ७५० मेगावॉट उरली आहे. निवृत्त यंत्रांचे लोखंड लिलावात जाते. त्यांच्या लॉगशीट व चार्टच्या पट्ट्या मात्र रद्दीत जाऊ न देता मंडळाच्या जागी आलेली वीजनिर्मिती कंपनी महानिर्मिती आणि राज्याचे पुराभिलेख संचालनालय यांनी त्यांचे जतन करावे, आणि त्या संगणकावर उतरवताना ऑपरेटरच्या शेऱ्यांचा रकाना वगळू नये.