दहा राग, एक ठेका

कोपर, दिवा, डोंबिवली या पट्ट्यात आगरी-कोळी घरातली हळद म्हटली की बेंजो पार्टी आलीच. त्या ताफ्यात आता एक चपटे पॅड असते. काठी मारावी, तर कधी त्यातून ढोलकी वाजते, कधी संबळ. कधीकाळी कुणीतरी खरी ढोलकी वाजवली, तिचा आवाज टिपून यंत्रात भरला. यालाच सॅम्पलिंग म्हणतात. मूळ हात कुणाचा, हे पॅड वाजवणाऱ्यालाही सहसा ठाऊक नसते.

अशाच एका अनाम हाताची, चरणजितसिंगांची गोष्ट सांगतो. मुंबईच्या चित्रपटसंगीतातले हे वादक. राहुलदेव बर्मन यांच्यासारख्या संगीतकारांकडे बास गिटार वाजवत. गाणे गाजे, वादकाचे नाव मात्र कुठे नसे. लग्नसमारंभांतही ते ऑर्केस्ट्रा घेऊन जात. पत्नी सुपर्णा गात असत.

त्यांनी सिंगापूरहून रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रे आणली: ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३. हे ३०३ काढले होते ते एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बासची साथ मिळावी म्हणून. पण त्यातून खऱ्या बासचा आवाज येईना, खप होईना. १९८४ च्या सुमारास कंपनीने ते बंदच केले. त्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. आपल्याकडे तिला मींड म्हणतात! जपानी अभियंत्याच्या ती ध्यानीमनीही नसेल, पण रागदारी कानात असलेल्या माणसाला ती नेमकी सापडली.

१९८२ मध्ये ग्रामोफोन कंपनीने त्यांची तबकडी काढली. भैरवी, ललत, भूप, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग, खाली डिस्कोचा न थकणारा ठेका. तबकडी चालली नाही. शास्त्रीयवाल्यांना ती थिल्लर वाटली असणार, आणि नाचणाऱ्यांना तोडी कशाला हवी?

पुढे १९८७ मध्ये शिकागोच्या फ्यूचर या गटाने याच ३०३ मधून 'अ‍ॅसिड हाउस' नावाची शैली जगापुढे आणली. एडो बाउमन नावाच्या डच संग्राहकाला चरणजितसिंगांची जुनी तबकडी दिल्लीत मिळाली, २०१० मध्ये त्याने ती पुन्हा प्रसिद्ध केली. लगेच बोभाटा झाला, की अ‍ॅसिड हाउसचा जनक मुंबईकर! मला हे पटत नाही. शिकागोच्या पोरांनी ही तबकडी ऐकल्याचा पुरावा नाही. आणि हे सॅम्पलिंगही नव्हे. इथे कुणाचा आवाज उचललेला नाही, सूर यंत्रातच घडवलेला आहे. एकच यंत्र दोन गावांत वेगवेगळ्या हातांना सापडले, एवढेच. पण मुंबईचा हात पाच वर्षे आधीचा होता, हेही खरेच.

सत्तरी ओलांडल्यावर चरणजितसिंग युरोपात वाजवायला गेले. समोर नातवंडांच्या वयाची पोरे मालकंसावर नाचत होती. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. आता मात्र तबकडीवरचे नाव लोक वाचतात.