खूण की चमत्कार?

बायबलमधल्या दानीएलच्या ग्रंथाचा बराचसा भाग हिब्रूत नसून अरामी भाषेत आहे. त्यात नबुखद्नेस्सर आणि दारयावेश या राजांच्या जाहीरनाम्यांत ‘आथ’ हा शब्द येतो आणि दरवेळी त्याला ‘तमह’ म्हणजे अद्भुत या शब्दाची जोड असते. त्यामुळे ‘आथ’ म्हणजेच चमत्कार, असा समज सहज होतो. माझ्या मते तो टिकत नाही. ‘आथ’ ही आधी खूण आहे. आश्चर्य हा तिचा गाभा नव्हे. यावर कोणी म्हणेल की जोडशब्द ही केवळ द्विरुक्ती आहे, आपल्या ‘बाजारहाट’सारखी. पण तोराह म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच ग्रंथांच्या ओंकेलोसकृत अरामी भाषांतरात इंद्रधनुष्य आणि शब्बाथ हा विश्रामदिन यांनाही हाच शब्द लावला आहे. शब्बाथ दर आठवड्याला येतो, त्यात अचंबा कसला? तो देवाशी झालेल्या कराराची आठवण देतो, एवढेच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पेशित्ता या सिरियाक, म्हणजे अरामीच्याच एका बोलीतील, बायबलात, योहानाच्या शुभवर्तमानात, पाण्याचा द्राक्षारस झाला त्या घटनेला ‘आथा’च म्हटले आहे, आणि तो तर उघड चमत्कार. खरे आहे, मात्र त्याच वाक्यात येशूचा महिमा प्रकट झाला असेही सांगितले आहे. म्हणजे द्राक्षारसापेक्षा त्यातून काय ओळखायचे, याला महत्त्व. सिरियाकमध्ये ‘आथूथा’ म्हणजे अक्षर, हेही याच घराण्यातले. कुराणातील ‘आयत’ या शब्दाचे मूळही अनेक अभ्यासक अरामीतच शोधतात. ‘आयत’चा अर्थ खूणही आहे आणि वचनही.