रडीचा डाव आणि लायडनचे कुलगुरू : व्हिडिओ गेमच्या अभ्यासाची पूर्वकथा

१/१२
व्हिडिओ गेमवर विद्यापीठात संशोधन होते, हे ऐकून आजही अनेकांना नवल वाटते. त्याहून नवलाची गोष्ट अशी की, या विद्याशाखेत ज्याचा हवाला वारंवार दिला जातो तो ग्रंथ पहिल्या संगणकीय खेळाच्याही आधीचा, १९३८ सालचा आहे. त्याचे नाव ‘होमो लुडेन्स’, म्हणजे ‘खेळणारा मानव’.

२/१२
ग्रंथकार होते डच इतिहासकार योहान हाउझिंगा (१८७२–१९४५). त्यांच्या विद्वत्तेचा आरंभ संस्कृतपासून झाला. १८९७ साली ग्रोनिंगन विद्यापीठाला त्यांनी सादर केलेला प्रबंध संस्कृत नाटकांतील विदूषकावर होता. पुढे ते मध्ययुगीन युरोपच्या इतिहासाकडे वळले आणि १९१५ मध्ये लायडन विद्यापीठात प्राध्यापक झाले.

३/१२
८ फेब्रुवारी १९३३. लायडनचे कुलगुरू या नात्याने हाउझिंगा यांनी वार्षिक भाषण दिले. विषय होता : संस्कृतीतील खेळ आणि गांभीर्य यांच्या सीमारेषा. अवघ्या नऊ दिवसांपूर्वी शेजारच्या जर्मनीत हिटलर चान्सलर झाला होता.

४/१२
दोनच महिन्यांनी लायडनमध्ये एक आंतरराष्ट्रीय विद्यार्थी परिषद भरली. जर्मन प्रतिनिधींचा प्रमुख योहान फॉन लीर्स याने ज्यूंवर बालहत्येचा जुनाच खोटा आरोप करणारी पुस्तिका लिहिली होती. कुलगुरूंनी त्याला बोलावून घेतले, लेखनाचा जाब विचारला आणि विद्यापीठाचे आवार सोडण्यास सांगितले.

५/१२
१९३३ च्या त्या भाषणाचाच विस्तार म्हणजे ‘होमो लुडेन्स’. खेळ हा संस्कृतीहून प्राचीन आहे, कारण पशूही खेळतात, हे त्याचे पहिलेच विधान. खेळ स्वेच्छेने खेळला जातो, त्याला स्थळकाळाची मर्यादा असते आणि त्या मर्यादेत त्याचे स्वतःचे नियम चालतात. यासंबंधीच्या विवेचनात ‘क्रीडा’, ‘लीला’ हे संस्कृत शब्द येतात आणि महाभारतातील द्यूतही येते.

६/१२
हाउझिंगांच्या मते पत्त्यांचे टेबल, रंगमंच, मंदिर, न्यायालय ही सारी आखून वेगळी काढलेली ‘रिंगणे’ आहेत. अंगणात लंगडीसाठी खडूने चौकोन आखणाऱ्या मुलांना हे सांगावे लागत नाही. ‘टाइमप्लीज’ म्हटले की पाठलाग थांबतो. ‘लिंबूटिंबू’ खेळात असतो, पण त्याच्यावर राज्य येत नाही. या नियमांमागे शिपाई उभा नसतो. सर्वांनी मानले म्हणूनच ते टिकतात.

७/१२
येथे हाउझिंगा एक मार्मिक भेद करतात. रडीचा डाव खेळणारा लबाड असला तरी नियम पाळण्याचे सोंग करतो, म्हणजे रिंगण मानतो. डाव उधळणारा मात्र रिंगणच पुसून टाकतो. म्हणून खेळणारे लबाडाला एक वेळ क्षमा करतात, पण डाव उधळणाऱ्याला हाकलून देतात.

८/१२
हा भेद केवळ अंगणापुरता नव्हता. शेवटच्या प्रकरणात हाउझिंगा समकालीन राजकारणाकडे वळतात. गणवेश, संचलने, घोषणा हा त्यांच्या मते खेळ नसून बालिशपणा होता. राष्ट्रांमधील करार परस्परांनी मानलेल्या नियमांवर उभे असतात आणि एकाने ते झुगारले की सारी व्यवस्था कोसळते. जर्मन विचारवंत कार्ल श्मिट यांनी राजकारणाला ‘मित्र की शत्रू’ एवढ्यावर आणून ठेवले होते. त्या सिद्धान्तावर हाउझिंगांनी कठोर टीका केली.

९/१२
मे १९४० मध्ये जर्मनीने नेदरलँड्स व्यापले. ज्यू प्राध्यापकांच्या बडतर्फीविरुद्ध २६ नोव्हेंबरला कायद्याचे प्राध्यापक क्लेव्हरिंगा यांनी लायडनमध्ये जाहीर निषेध केला. विद्यार्थ्यांनी संप पुकारला आणि विद्यापीठ बंद करण्यात आले. १९४२ मध्ये सत्तरीला टेकलेल्या हाउझिंगांना ओलीस म्हणून डांबले गेले. प्रकृतीमुळे त्यांची सुटका झाली, पण लायडनला परतण्याची मुभा मिळाली नाही. क्लेव्हरिंगा यांच्याच डे स्टेख येथील घरात १ फेब्रुवारी १९४५ रोजी त्यांचे निधन झाले. देशाची मुक्तता तीन महिन्यांवर आली होती.

१०/१२
१९५८ मध्ये फ्रेंच विचारवंत रोजे कायवा यांनी हा विषय पुढे नेला. खेळात आर्थिक लाभ नसतो असे मानल्यामुळे हाउझिंगा जुगाराला न्याय देऊ शकले नाहीत, हा त्यांचा आक्षेप होता. स्पर्धा, दैव, सोंग आणि भोवळ आणणारी धुंदी असे खेळांचे चार वर्ग कायवांनी मांडले.

११/१२
२००१ मध्ये ‘गेम स्टडीज’ हे नियतकालिक सुरू झाले. संपादक एस्पेन आर्सेथ यांनी ते वर्ष संगणकीय खेळांच्या अभ्यासाचे पहिले वर्ष म्हणून घोषित केले. २००३ मध्ये ‘डिग्रा’ या संशोधक संघटनेची पहिली परिषद भरली, तीही हाउझिंगांच्याच देशात, युट्रेख्टला. त्याच सुमारास केटी सालेन आणि एरिक झिमरमन यांच्या ‘रूल्स ऑफ प्ले’ या ग्रंथाने हाउझिंगांचे ‘जादूचे रिंगण’ या विद्याशाखेची परिभाषा करून टाकले.

१२/१२
पुढच्या अभ्यासकांनी या रिंगणावरच प्रश्नचिन्ह लावले. ऑनलाइन खेळातील तलवार खऱ्या पैशाने विकली जात असेल, तर सीमारेषा उरली कोठे? २०१८ मध्ये बेल्जियमच्या जुगार नियंत्रण आयोगाने काही लोकप्रिय गेममधील ‘लूट बॉक्स’, म्हणजे आत काय निघेल हे ठाऊक नसताना पैसे देऊन उघडायच्या पेट्या, जुगार ठरवल्या. द्यूतसभेत युधिष्ठिराने राज्य, भाऊ आणि द्रौपदी पणाला लावली, तेव्हाही पट सभेतच मांडलेला होता आणि किंमत मात्र सभेबाहेरच्या आयुष्याने मोजली. खेळ कोठे संपतो आणि गांभीर्य कोठे सुरू होते, हा १९३३ मधील भाषणाचा विषय आज संशोधकांइतकाच कायदेमंडळांच्याही पुढ्यात आहे.