रेवदंडा : बंदर गेले, बोली राहिली

आमच्या केनवडहून समुद्र फार दूर. वाशीम जिल्ह्यातील या काळ्या मातीच्या गावात पाणी म्हणजे विहिरीचे, नाल्याचे, फार तर धरणाचे. समुद्र येथील मुलांना प्रथम भेटतो तो भूगोलाच्या पुस्तकात. तेव्हा कोकणकिनाऱ्यावरील एका लहानशा गावाविषयी वऱ्हाडातील माणसाने लिहावे, हे कोणाला धिटाईचे वाटेल. परंतु बंदर कधीच केवळ किनाऱ्याचे नसते. घाटावरच्या पेठा, तेथले विणकर, बैलांचे तांडे आणि जकातीची नाकी यांच्यावरच ते जगते. वाट तुटली की बंदर सुकते. रेवदंड्याची कथा पुष्कळशी अशीच आहे, आणि तिच्या शेवटी जे उरले आहे त्याचा आपल्या समाजाशी निकटचा संबंध आहे.

अलिबागहून दक्षिणेला निघालेली एस.टी. चौलच्या नारळी-पोफळींच्या वाड्यांतून जाते आणि रेवदंड्याच्या कोटात शिरते. कोट चढून जावा लागत नाही. तो सपाटीवरच, समुद्र आणि कुंडलिकेची खाडी यांच्या बेचक्यात आहे. तटाच्या आत आज घरे आहेत, बाजार आहे, वाड्या आहेत, आणि त्यांच्या मधूनच चर्चच्या भिंती उभ्या दिसतात. नारळाच्या झावळ्यांवर डोके काढून एक उंच मनोरा उभा आहे. लोक त्याला सातखणी म्हणतात. फ्रान्सिस्कन संघाच्या संत बार्बरा मंदिराचा तो मनोरा. सातही खण आता राहिलेले नाहीत. नाव मात्र सातांचेच आहे.

चौल आणि रेवदंडा ही एकाच बंदराची दोन अंगे. जुने नगर चौलचे. समुद्रमुखाशी पोर्तुगीजांनी वसविले ते रेवदंडा. चौलचे प्राचीनत्व वादातीत आहे. पहिल्या शतकातील ग्रीक खलाशाच्या ‘पेरिप्लस’मध्ये त्याचा उल्लेख सेमिल्ला असा येतो, टॉलेमीच्या भूगोलातही ते आहे, कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांपैकी काही चेमुलचे रहिवासी होते, आणि अरब प्रवासी त्याला सैमूर म्हणत. त्यांपैकी अल् मसूदी दहाव्या शतकाच्या आरंभी येथे येऊन गेला. एवढ्या भाषांनी ज्या गावाचे नाव आपापल्या जिभेप्रमाणे वाकविले, त्या गावाला परकेपणाचे भय कधी वाटले नसावे, असे मला वाटते.

पोर्तुगीजांच्या आधी या बंदरात उतरलेला एक ख्रिस्ती प्रवासी आपल्या वाचकांना फारसा ठाऊक नाही. रशियातील त्वेर नगरीचा व्यापारी अफानासी निकितीन १४६९ च्या सुमारास, बहामनी राज्याच्या काळात, चौलला उतरला. विकून नफा करावा म्हणून त्याने एक घोडा बरोबर आणला होता. येथील लोक त्याचा गोरा वर्ण पाहून त्याच्या मागे मागे फिरत. चौलहून पाली, उमरी अशी मजल मारीत तो जुन्नरला पोहोचला. तेथील सुभेदाराने त्याचा घोडा हिसकावला आणि धर्म बदल, म्हणजे घोडा परत मिळेल, असे बजावले. निकितीन नमला नाही. पुढे खुरासानच्या एका मुसलमान गृहस्थाने रदबदली केली आणि घोडा परत मिळाला, धर्मही राहिला. परंतु त्याच्या प्रवासवर्णनातील मला सर्वांत जवळची वाटणारी व्यथा निराळीच आहे. वाटेत लुटारूंनी त्याची धर्मपुस्तके नेली होती. त्यामुळे नाताळ कधी, पुनरुत्थानाचा सण कधी, हे त्याला कळेनासे झाले. परक्या मुलखात तो अंदाजाने उपवास करी आणि सण चुकला म्हणून हळहळे. परतीच्या वाटेवर, मायभूमीत त्वेर गाठण्यापूर्वीच तो वारला. २००२ मध्ये रेवदंड्यात त्याचे स्मारक उभारण्यात आले.

पोर्तुगीजांचा येथील प्रवेश रक्ताने झाला. मार्च १५०८ मध्ये इजिप्तच्या मामलुक सुलतानाचे आरमार आणि दीवचा मलिक अय्याज यांनी चौलच्या खाडीत त्यांना गाठले. व्हाइसरॉयचा तरुण मुलगा लोरेन्सो द आल्मेदा याचे जहाज कोळ्यांनी मासेमारीसाठी रोवलेल्या खांबांत अडकले आणि तो तेथेच पडला. मोठमोठ्या आरमारांच्या लढाईत निर्णायक ठरली ती कोळ्यांची लाकडे! पुढच्याच वर्षी बापाने दीवच्या समुद्रात सूड घेतला, हा इतिहास सर्वश्रुत आहे.

१५१६ मध्ये पोर्तुगीजांची वखार झाली आणि १५२१ मध्ये निजामशहाच्या अनुमतीने किल्ल्याचे काम सुरू झाले. निजामशहाला अरबस्तानातून घोडे हवे होते आणि समुद्र पोर्तुगीजांच्या हाती होता. मैत्रीचे हे मूळ. ती १५७० मध्ये तुटली. मुर्तजा निजामशहाने चौलला, तर विजापूरच्या आदिलशहाने गोव्याला वेढा घातला. चौलचा वेढा १५७१ च्या पावसाळ्यापर्यंत चालला. मठांच्या भिंतींआडून, घराघरांतून लढाई झाली. पोर्तुगीज लेखक या विजयाचे श्रेय ईश्वरी साहाय्याला देतात. फारसी इतिहासकार फिरिश्ता मात्र सांगतो की, निजामशाही सरदारांना मद्याच्या भेटी पोहोचत आणि रात्री तटाच्या आत धान्य पोहोचे. मला फिरिश्त्याचे म्हणणे अगदी टाकाऊ वाटत नाही. १५९४ मध्ये खाडीपलीकडचा कोर्लईचा डोंगरही पोर्तुगीजांनी जिंकला आणि खाडीचे दोन्ही काठ त्यांच्या ताब्यात आले.

१५८३ मध्ये आलेला इंग्रज व्यापारी राल्फ फिच येथे दोन नगरे असल्याचे नोंदवितो : समुद्राजवळचे तटबंदीचे पोर्तुगीजांचे आणि आतले मुसलमानी सत्तेचे. तटाआतील नगरात फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेज्वीट आणि ऑगस्टिनियन अशा चारही संघांची ठाणी होती. संत फ्रान्सिस झेवियर यांचे पाय या गावाला लागल्याचे भाविक सांगतात. या वैभवाचे वर्णन करताना आपल्या लेखकांची लेखणी सैल सुटते. मला वाटते, येथे थोडे थांबावे. त्या चर्चमध्ये पुढच्या बाकांवर फिदाल्गो बसत. दगड वाहणारे, पालख्या उचलणारे, त्यांच्या घरी भांडी घासणारे स्थानिक ख्रिस्ती मागे उभे असत. सत्तेच्या सावलीत वाढलेल्या धर्मप्रसारात श्रद्धा होती, तशी लालूच आणि बळजबरीही होती. हे लपविण्यात अर्थ नाही.

सतराव्या शतकात चौलचे रेशीमकाम करणारे विणकर मुंबईकडे वळू लागले; नव्या बंदराला कारागीर हवेच होते. १६८३ मध्ये संभाजी महाराजांनी चौलला वेढा घातला. पुढे शेजारच्या कुलाब्यात आंग्र्यांचे आरमार बळावले. मे १७३९ मध्ये वसई पडली आणि १७४० च्या तहाने चौल व कोर्लई मराठ्यांकडे गेले. पोर्तुगीज निघून गेले. १८७६ मध्ये डॉ. जर्सन द कुन्हा यांनी चौल-वसईच्या प्राचीन वास्तूंवर ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा हे नगर म्हणजे माडांच्या वाडीतील अवशेष झाले होते.

परंतु गेले ते राज्यकर्ते. मागे उभे राहणारे लोक कोठे जाणार? त्यांच्यातील पुष्कळांचे वंशज आज पुलापलीकडे, कोर्लई किल्ल्याच्या पायथ्याशी, माउंट कार्मेल मातेच्या चर्चभोवती राहतात. शेती, वाडी, मजुरी आणि आता मुंबईतील नोकऱ्या यांवर त्यांचा चरितार्थ चालतो. घरी ते जी बोली बोलतात ती मराठी नव्हे आणि पोर्तुगीजही नव्हे. ते तिला ‘नॉव लिंग’ म्हणतात. म्हणजे आमची भाषा. शब्द बहुतांशी पोर्तुगीज, पण वाक्य चालते मराठीच्या चालीने : पोर्तुगीज भाषेत क्रियापदानंतर कर्म येते, येथे मात्र क्रियापद आपल्याप्रमाणे शेवटी जाऊन बसते. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी १९९६ मध्ये या बोलीवर ग्रंथ लिहिला. बोलणाऱ्यांची संख्या हजाराच्या आसपास धरली जाते.

पाव, बटाटा, चावी, घमेले, तुरुंग, हापूस हे शब्द आपण सर्वच मराठी माणसे पोर्तुगीजांकडून उचलून विसरलो. कोर्लईने उलट केले : बोली पोर्तुगीज ठेवली आणि तिला मराठीचा सांगाडा दिला. हे कसे टिकले? अभ्यासकांचे उत्तर कठोर आहे. धर्म निराळा, त्यातून मूळची जात खालची. शेजाऱ्यांशी रोटी-बेटी नाही. त्या एकटेपणाने भाषा राखली. शिवाय गोव्याच्या वाटेने आलेल्या धर्मगुरूंमुळे पोर्तुगीज प्रार्थना कानांवर पडत राहिल्या. १९६२ ते १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना लोकभाषेत आली, आणि येथे लोकभाषा म्हणजे मराठी ठरली. शाळा मराठी, मिस्सा मराठी, एस.टी.ची पाटी मराठी. ज्या मराठीतील मिस्सेचा आपल्याला आनंद आहे, तिनेच या हजारभर माणसांच्या घरची भाषा कोपऱ्यात सारली, हे मान्य करताना मला जड जाते. वसईच्या वाचकांना हे निराळे सांगायला नको. सामवेदी घरांतील नातवंडे आजीला प्रमाण मराठीत, नाहीतर इंग्रजीत उत्तर देतात, हे ते रोज ऐकतात.

रेवदंड्यातून गेलेले केवळ पोर्तुगीज नव्हेत. या गावात बेने इस्रायलांचे सिनेगॉग आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे शनवार तेली शतकानुशतके मराठी बोलत या किनाऱ्यावर राहिले. १९४८ नंतर त्यांतील बहुतेक इस्रायलला गेले आणि तेथेही मराठी बोलत राहिले. चौलच्या टेकडीवर दत्ताचे देवस्थान आहे, रामेश्वराचे जुने मंदिर आहे, मशिदी आहेत. नानासाहेब धर्माधिकारी यांचे गाव म्हणून आज असंख्य लोकांना रेवदंडा ठाऊक आहे. कोटातल्या पडक्या चर्चना मात्र कोणी वारस नाही. त्यांच्या सावलीत जाळी वाळतात आणि पोरे क्रिकेट खेळतात.

मी कोर्लईला गेलो तो रविवार होता. मिस्सा संपली, धर्मगुरूंशी लोक मराठीत बोलले, माझ्याशीही मराठीतच बोलले. मग आवाराबाहेर दोन वृद्ध स्त्रिया बाजूला होऊन आपसांत बोलू लागल्या. शब्द एकही कळेना. परंतु वाक्य संपताना आवाज जसा खाली येई, तो अगदी आमच्या ओळखीचा होता. जवळच उभ्या असलेल्या मुलाला मी विचारले, “काय म्हणतात रे आजी?” तो हसला आणि म्हणाला, “काही नाही, मासळी महाग झाली म्हणतात.”