‘हे आमचे भाऊ नव्हेत!’ : नटाच्या निवडीवरचा वाद इतिहासाचा पुरावा कसा होतो?

संशोधनाचा विषय शोधणारे बरेच विद्यार्थी मला विचारतात, की ‘सिनेमात अमुक भूमिकेला तमुक नट नको होता’ या असल्या भांडणात संशोधन करण्यासारखं काय आहे? चहाच्या टपरीवरचा विषय तो. माझं उत्तर असं, की भांडण टपरीवरचं असलं तरी त्यातला प्रश्न फार जुना आहे. एखादा माणूस ‘तोच’ आहे की नाही, हे कोण ठरवतं आणि कशावरून? आजच्या लेखात हा प्रश्न एकाच माणसाच्या बाबतीत तीनदा कसा विचारला गेला ते पाहू. माणूस आपल्या ओळखीचा आहे. पुण्याची सदाशिव पेठ ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते सदाशिवरावभाऊ.

२०१९ : ट्रेलर आला आणि...

नोव्हेंबर २०१९ मध्ये आशुतोष गोवारीकर यांच्या ‘पानिपत’चा ट्रेलर आला. भाऊंच्या भूमिकेत अर्जुन कपूर, पार्वतीबाई क्रिती सेनन, अब्दाली संजय दत्त. चित्रपट ६ डिसेंबरला लागला, पण वाद महिनाभर आधीच पेटला होता. ‘हा भाऊ वाटत नाही’, ‘चेहऱ्यावर तेज नाही’, ‘मराठी नट मिळाला नाही का?’ आणि सगळ्यात जास्त वेळा आलेला आक्षेप म्हणजे ‘रणवीरच्या बाजीरावापुढे हा कुठेच नाही.’

हे आक्षेप बरोबर होते की चूक, याच्यात आपल्याला पडायचं नाही. संशोधक म्हणून पहिला प्रश्न वेगळा विचारायचा. ‘वाटत नाही’ म्हणजे नेमकं कुणासारखा वाटत नाही?

शेवटचा आक्षेप घ्या. तुलना भाऊंशी नाहीच. भाऊ हे चिमाजीअप्पांचे चिरंजीव, म्हणजे बाजीरावांचे पुतणे. एका माणसाची भूमिका करणाऱ्या नटाला, दुसऱ्याच माणसाची भूमिका केलेल्या नटाची फूटपट्टी लावली गेली. आणि ती फूटपट्टी २०१५ सालची, जेमतेम चार वर्षं जुनी. ‘पेशवा कसा दिसतो’ याचं उत्तर प्रेक्षकांनी बखरीतून आणलं नव्हतं, ‘बाजीराव मस्तानी’तून आणलं होतं.

अर्थात सगळेच तिथून आले नव्हते. विश्वास पाटलांची ‘पानिपत’ ही कादंबरी १९८८ ची. ती वाचून वाढलेल्यांच्या मनात एक भाऊ होते. त्र्यं. शं. शेजवलकरांचं ‘पानिपत : १७६१’ वाचलेल्या थोड्यांच्या मनात दुसरे. भाऊसाहेबांच्या बखरीपर्यंत गेलेल्यांच्या मनात तिसरे. वाद एका नटावर चाललाय असं दिसत होतं, पण भांडणाऱ्यांच्या डोक्यात वेगवेगळे ‘मूळ’ भाऊ होते. म्हणून अशा वादाची नोंद करताना माझी पहिली पायरी ठरलेली आहे. प्रत्येक आक्षेपासमोर तीन रकाने आखायचे : मजकूर, चित्र, आधीचा नट. आक्षेप यापैकी कुठून आलाय ते लिहायचं. एकदा करून बघा, अर्धा गोंधळ तिथेच निवळतो.

१७६१ : शरीराची साक्ष

मग भाऊ खरे दिसायचे तरी कसे? त्यांची चित्रं आज भरपूर फिरतात, पण प्रत्येक चित्रापाशी ‘कधीचं, कुणी काढलं, कशावरून’ हे विचारावं लागतं. शरीराचं तपशीलवार वर्णन हवं असेल तर ते एका विलक्षण जागी सापडतं.

१४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर पराभव झाला. दोन मोती गळाल्याचा सांकेतिक निरोप पुढे नानासाहेबांपर्यंत पोहोचला. दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊ. विश्वासरावांच्या मृत्यूबद्दल शंका उरली नाही, भाऊंच्या मात्र उरली. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने या युद्धाचा वृत्तांत फारसीत लिहिला, त्यात तो मृतदेहाच्या शोधाची हकीकत सांगतो. धड सापडलं ते शिराविना. भाऊंना ओळखणाऱ्यांना नेऊन ते दाखवलं गेलं आणि त्यांनी खुणांवरून ओळख पटवली. मांडीवरचा डाग, पाठीवर मुझफ्फरखान गारद्याच्या हल्ल्यात झालेल्या जखमेचा वण, पायावरच्या शुभ रेषा. रोज सूर्याला बाराशे नमस्कार घालण्याची सवय, तिच्यामुळे गुडघ्यांवर आणि हातांवर पडलेले घट्टे. बांधा मजबूत, वय सुमारे पस्तीस.

हे वाचताना अंगावर काटा येतो. भाऊंच्या शरीराचं असं वर्णन आपल्यापर्यंत आलं ते ओळख पटवण्याच्या निमित्ताने, आणि त्यात चेहरा नाही!

पण काटा आला म्हणून संशोधकाने थांबायचं नसतं. दोन गोष्टी तपासा. एक, वय. भाऊंचा जन्म १७३० चा, म्हणजे तेव्हा ते तिशीत होते. काशीराजाचा अंदाज चार-पाच वर्षांनी चुकतोय. तेवढ्याने साक्ष खोटी ठरत नाही, पण तो अंदाज आहे हे कळतं. दोन, लेखनाचा काळ. हा वृत्तांत सुमारे १७८० चा, म्हणजे लढाईनंतर जवळपास वीस वर्षांनी लिहिलेला. आणि या वीस वर्षांत एक मोठी घटना घडून गेली होती.

१७७६ : दुसरा भाऊ

देहाबद्दल संशय, पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारलं नाही अशी परंपरा, आणि पुण्यात घरटी कुणी ना कुणी उत्तरेत हरवलेलं. अशा वातावरणात एक माणूस पुढे आला आणि म्हणाला, मीच सदाशिवरावभाऊ. हाच तो इतिहासात ‘तोतया’ म्हणून ओळखला जाणारा इसम. थोरल्या माधवरावांच्या काळात त्याची चौकशी होऊन त्याला कैदेत टाकलं गेलं, वेगवेगळ्या किल्ल्यांवर ठेवलं गेलं. शेवटी तो रत्नागिरीला होता. १७७६ मध्ये तिथल्या अधिकाऱ्यानेच त्याला बाहेर काढलं, आणि बघता बघता कोकणातले किल्ले आणि हजारो माणसं त्याच्या बाजूला गेली. पुढे तो आंग्र्यांच्या हाती लागला, पुण्यात आणला गेला. तो सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण असल्याचं चौकशीत ठरलं आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकरांचं ‘तोतयाचे बंड’ हे नाटक याच प्रकरणावर आहे.

आता आपल्या प्रश्नाकडे या. १७७६ मध्ये लोक ‘हेच भाऊ’ किंवा ‘हे आमचे भाऊ नव्हेत’ हे कशावरून म्हणत होते? कोकणातल्या बहुतेकांनी भाऊंना कधी पाहिलंच नव्हतं. त्यांच्यापाशी होतं ते ऐकलेलं वर्णन आणि परत यावेत ही इच्छा. ज्यांनी पाहिलं होतं त्यांच्या आठवणीला पंधरा वर्षं झाली होती, आणि लढाईतून, कैदेतून, भटकंतीतून आलेला माणूस बदललेला असणार हे उत्तर तोतयाच्या बाजूने नेहमीच तयार होतं.

शिवाय काळ बघा. १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झालेला. गादीवर १७७४ चा जन्म असलेले सवाई माधवराव, म्हणजे दोन वर्षांचं मूल. रघुनाथराव विरोधात, कारभार नाना फडणवीसांच्या हातात. अशा वेळी भाऊ जिवंत निघाले तर नानांचा कारभार संपला. म्हणजे ‘हे भाऊ नव्हेत’ म्हणण्यात नानांचा थेट स्वार्थ होता. आणि त्याच वेळी नाना स्वतः पानिपतावर होते, तिथून जीव वाचवून परतलेले, भाऊंना जवळून ओळखणारे. साक्षीदार उत्तम, पण हितसंबंधी. पुराव्याच्या अभ्यासात यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. साक्षीदाराचा स्वार्थ आहे म्हणून साक्ष खोटी ठरत नाही, आणि साक्ष खरी निघाली म्हणून स्वार्थ नाहीसा होत नाही. दोन्ही नोंदवावं लागतं.

आता काशीराजाकडे पुन्हा जा. तो इतक्या बारकाईने वण, डाग, घट्टे का सांगतो? तोतयाच्या प्रकरणाची बातमी त्याच्यापर्यंत पोहोचली असेल आणि ‘भाऊ तिथेच पडले’ हे ठामपणे सांगण्याची गरज वाटली असेल का? मी हे उत्तर म्हणून देत नाही, प्रश्न म्हणून देतोय. तुमच्यापैकी कुणाला पेशवे दफ्तरात काम करायचं असेल तर हा प्रश्न सोबत घेऊन जा.

निवड झाली की मूळ बदलतं

आतापर्यंत आपण ‘मूळ माणूस’ एका जागी स्थिर आहे असं धरून चाललो. तो तसा नसतो. याचं उदाहरण पुण्यातच घडलं.

प्रभात कंपनीने १९३६ मध्ये दामले-फत्तेलालांच्या दिग्दर्शनाखाली ‘संत तुकाराम’ काढला. तुकोबांच्या भूमिकेला विष्णुपंत पागनीस. पागनीस रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेले नट. हा माणूस तुकाराम कसा शोभणार, अशी शंका खुद्द कंपनीतही होती. पुढे काय झालं ते सर्वांना माहीत आहे. चित्रपट वर्षभराहून अधिक चालला, व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला, आणि पागनीसांचा चेहरा हाच तुकोबांचा चेहरा झाला. दिनदर्शिका, देवघरातल्या तसबिरी, पुस्तकांची मुखपृष्ठं यांवर तुम्हाला जे तुकोबा भेटतात त्यातले कितीतरी या चित्रपटातून आलेत. एवढंच नव्हे, शांताराम आठवल्यांनी या चित्रपटासाठी लिहिलेलं एक पद अनेकांनी तुकोबांचा अभंग म्हणून स्वीकारलं. चेहरा गेला, त्याच्यामागून शब्दही गेले.

म्हणजे १९३६ मध्ये ज्याच्याबद्दल ‘हा शोभेल का’ विचारलं गेलं, तोच पुढच्या प्रत्येक नटासाठी फूटपट्टी झाला. परदेशातही हेच दिसतं. १९८९ च्या ‘बॅटमॅन’साठी मायकेल कीटनची निवड झाली तेव्हा कॉमिकच्या चाहत्यांनी वॉर्नर ब्रदर्सकडे निषेधाच्या पत्रांचा ढीग लावला, कारण तो विनोदी नट म्हणून ओळखला जायचा. नंतरच्या बॅटमॅनना त्याच्याशी तुलना सोसावी लागली. कालचा तोतया आजचा मूळपुरुष!

फरक एवढाच, की बॅटमॅन कल्पित आहे. त्याचा चेहरा बदलल्याने कुणाचं मागचं आयुष्य पुसलं जात नाही. तुकोबा आणि भाऊ जगून गेलेत. तिथे नटाचा चेहरा बसला की त्याखाली काय होतं हे विचारायची सवयच मोडते. म्हणून ‘सिनेमाच तर आहे’ असं म्हणून हा विषय सोडून देता येत नाही, आणि ‘आमच्या महापुरुषाचा अपमान’ म्हणून आरडाओरडा करूनही भागत नाही. दोन्हीकडे एकच गोष्ट राहून जाते, ती म्हणजे पुरावा.

तुमच्या कामासाठी तीन सूचना

पहिली. नटावरचा वाद आणि भूमिकेवरचा वाद वेगळे ठेवा. १९७२ मध्ये सदाशिव पेठेतल्याच भरत नाट्य मंदिरात ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. त्यावर उठलेलं वादळ मोहन आगाशे नाना म्हणून योग्य की अयोग्य यावर नव्हतं, तेंडुलकरांनी रंगवलेल्या नानांवर होतं. २०१९ च्या वादात हे दोन्ही मिसळलेले सापडतात. राजस्थानात झालेला विरोध महाराजा सूरजमल यांच्या चित्रणाला होता, नटाला नव्हे.

दुसरी. वादाला तारीख लावा. ट्रेलरनंतरचा आक्षेप, चित्रपट पाहिल्यानंतरचा आक्षेप आणि दहा वर्षांनी सांगितलेली आठवण हे तीन वेगळे पुरावे आहेत. पागनीसांबद्दलच्या शंका आज आपण वाचतो त्या यशाच्या उजेडात सांगितलेल्या असतात. ‘आधी विरोध होता, मग सगळे जिंकले गेले’ ही गोष्ट सांगायला गोड असते, म्हणूनच तिच्याकडे जरा जास्त बारकाईने बघा.

तिसरी. वाद हा नायकाबद्दलचा पुरावा कमी आणि भांडणाऱ्यांबद्दलचा जास्त असतो. २०१९ च्या भांडणातून १७६१ चे भाऊ सापडणार नाहीत. २०१९ च्या मराठी माणसाला पेशवा कसा हवा होता, ते मात्र नक्की सापडेल. त्याला भरदार रणवीर हवा होता. उदगीरच्या आधी दौलतीचा हिशेब आणि कारभार सांभाळणारे भाऊ फार थोड्यांना हवे होते. हे निरीक्षण मी माझ्या नोंदींवरून मांडतोय. तुम्ही वेगळ्या नोंदी घेतल्यात तर उत्तर बदलू शकतं, आणि बदललं तर मला कळवा.

सराव म्हणून एक सोपा विषय देतो. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हा फुरसुंगीचा, पुण्यात विद्याभवनात शिकणारा शाळकरी मुलगा. दूरदर्शनवर तो सुमीत राघवनने केला, २०१७ च्या चित्रपटात अमेय वाघने, आणि तेव्हा तो वैद्यकीय प्रवेश परीक्षेला बसण्याच्या वयाचा झाला होता. इथे मजकूर पूर्ण उपलब्ध आहे, चित्रं आहेत, आधीचा नट आहे. वेगवेगळ्या वयाच्या दहा वाचकांना विचारा, ‘तुमचा फास्टर फेणे कसा दिसतो?’ तीन रकाने आखा आणि भरायला लागा. भारत इतिहास संशोधक मंडळात जाऊन मोडी कागद हाताळण्याआधी हा सराव झालेला असेल, तर तिथल्या साक्षीदारांना काय विचारायचं हे तुम्हाला आधीच माहीत असेल.