शेतातली नाणी, जमिनीतल्या मूर्ती

माझ्या भाच्याने मेटल डिटेक्टर घेतलाय. पाऊस ओसरला की दारव्ह्याच्या शेतात फिरवणार म्हणे. आधी अंगणात फिरवला, तर बैलाची नाल आणि माझी हरवलेली सांडशी सापडली!

मग मी त्याला तऱ्हाळ्याबद्दल सांगितलं. शेजारच्या वाशीम जिल्ह्यातलं, मंगरुळपीर तालुक्यातलं गाव. १९३९ साली तिथे सातवाहनांची सुमारे १,६०० नाणी निघाली. सोन्याची नव्हेत, पोटिन नावाच्या मिश्रधातूची. वा. वि. मिराशींनी त्यांवरची अक्षरं वाचली आणि पुराणांच्या यादीत नसलेले कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी असे राजे उजेडात आले. तीच नाणी एकेक करून मोडीत गेली असती तर?

आणि राजनापूर खिनखिनी! शकुंतला रेल्वेने आपण मूर्तिजापूरला कितीदा उतरलो. त्याच तालुक्यातल्या या गावात जमिनीतून आपल्या तीर्थंकरांच्या धातूच्या मूर्ती निघाल्या. त्या नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहेत. काचेपलीकडे असल्या तरी माझे हात आपोआप जोडले गेले.

१८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेलं १० रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. "मावशी, दहा रुपयांत चहासुद्धा धड मिळत नाही!" भाचा म्हणाला. मी हसले, पण जागा आणि खोली टिपायला त्याच्या हाती एक वही दिली. पहिली नोंद सांडशीची आहे.