नाव तेच, नियम वेगळे : किआंतीची गोष्ट

समजा, तुमच्या डेटाच्या एका रकान्यात 'किआंती' असं लिहिलंय. ही इटलीतल्या तोस्काना प्रांताची वाइन. पण व्याख्या कोणत्या सालची, हे आधी विचारा.

१७१६ मध्ये ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरा याने हद्द आखून दिली. १८७२ च्या पत्रात बेत्तीनो रिकासोली यांनी मिश्रण सांगितलं : मुख्य सांजोव्हेजे, जोडीला कानायोलो. पांढरी माल्व्हाझिया मात्र रोजच्या, लवकर प्यायच्या वाइनसाठी. मुरवायची असेल तर ती वगळली तरी चालेल. १९६७ च्या नियमांत ही अट गळाली आणि १० ते ३० टक्के पांढरी द्राक्षं सक्तीची झाली. मग आंतिनोरी घराण्याने १९७१ च्या हंगामापासून 'तिन्यानेल्लो' नियमांबाहेर बनवली आणि साधी 'टेबल वाइन' म्हणून विकली. ती जगभर गाजली. पुढे २००६ पासून 'किआंती क्लासिको' या जुन्या गाभ्याच्या भागात पांढऱ्या द्राक्षांवर बंदीच आली.

म्हणजे जवळपास चाळीस वर्षांत सक्तीचं ते निषिद्ध झालं, आणि लेबलवरचं नाव तेच राहिलं. म्हणून कुठलंही वर्गीकरण वापरण्याआधी त्याचा मूळ कागद वाचा. सारांशात सगळ्यात आधी गळतो तो 'जर'.